कर साऱ्यांचा, मग पोरांचा वाटा कोठे?

दिवाळीच्या आगेमागे दरसाल शिरोळ तालुक्यात दोन गोष्टी हमखास घडतात. जयसिंगपुरास ऊस परिषद भरते आणि उसाच्या दरासाठी हजारो शेतकरी एकत्र येतात, ही पहिली. दुसरी गोष्ट गाजावाजा न होता घडते. बीडकडून व मराठवाड्याच्या इतर भागांतून ऊसतोडणीच्या टोळ्या येतात, फडाच्या कडेला पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात आणि पहाटेच्या काळोखात कोयते चालू लागतात. पहिल्या गोष्टीची बातमी सर्व वर्तमानपत्रांत येते. दुसऱ्या गोष्टीत आईबापांबरोबर जी पोरे येतात, त्यांची बातमी कोठेच येत नाही. पहिल्या गोष्टीस आमचा विरोध नाही. शेतकऱ्याने घामाचे दाम मागावे, ते त्याला मिळालेच पाहिजेत. परंतु २०२५-२६ च्या हंगामासाठी सव्वादहा टक्के उताऱ्यास टनामागे ३,५५० रुपये दर केंद्र सरकारने ठरविला, हे ज्या तालुक्यात शेंबड्या पोरासही तोंडपाठ असते, त्याच तालुक्यात तोडणीवाल्याच्या पोराच्या ताटात काय पडते हे कोणासही ठाऊक नसावे, याची आम्हांस लाज वाटते. आजचा प्रश्न त्या ताटाचा आहे. तो केवळ दयाधर्माचा नसून सरकारच्या जमाखर्चाचा आहे, म्हणूनच व्यापारी व शहरवासी वाचकांपुढे तो मांडीत आहोत.

आरंभीच एक भ्रम दूर केला पाहिजे. पेढीवर बसून पुष्कळ सद्गृहस्थ म्हणतात, "कर भरतो आम्ही आणि खैरात होते त्यांची." हे म्हणणे वरवर खरे भासते, कारण प्राप्तीवरील कराचे विवरणपत्र तोडणीवाला भरीत नाही. परंतु कायदा शिकलेल्या माणसास पहिल्याच वर्गात एक भेद शिकवितात. कर सरकारात जमा करणारा एक असतो आणि त्याचा भार सोसणारा दुसराच असतो. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर सुरू झाला. तो सरकारात जमा करतो व्यापारी, पण देतो गिऱ्हाईक. चहा, साखर, गोडे तेल यांवर शेकडा ५ आणि मोबाईलच्या रिचार्जवर शेकडा १८. कोपीतली बाई दुकानात येऊन पावशेर साखर व तेलाची पिशवी घेते, तेव्हा ती करच भरीत असते. तिला कोणी पावती देत नाही, करदाती म्हणून तिचा सत्कार होत नाही, एवढाच काय तो फरक. शिवाय, धनिकाच्या मिळकतीतला मोठा हिस्सा शिल्लक पडतो, आणि शिलकीवर हा कर बसत नाही. गरीब मिळवितो ते सारे खर्च करतो. तेव्हा दोघांसाठी दर एकच असला तरी मिळकतीच्या मानाने गरिबाच्या संसारावरच तो अधिक जड पडतो. हा बोजा त्याच्या घरात अखेर कोणाच्या वाट्यास येतो? दूध कमी होते ते पोराचे, आणि वहीचा खर्च पुढे ढकलला जातो तोही पोराचाच.

ही तक्रार आजची नव्हे. परकी सरकार मिठावर कर घेत असे, तेव्हा आमच्या पुढाऱ्यांनी हाच युक्तिवाद केला होता. १९०२ साली नामदार गोखले यांनी कलकत्त्याच्या कायदे कौन्सिलात अंदाजपत्रकावर भाषण करताना मणामागे अडीच रुपये असलेला मिठाचा कर गरिबाच्या जिवावर कसा उठतो हे दाखविले. पुढे तो उतरत उतरत १९०७ साली मणामागे एक रुपयावर आला, आणि १९४७ साली समूळ गेला. त्याही आधी, १८८२ साली, महात्मा फुले यांनी हंटर कमिशनपुढे निवेदन करून सांगितले होते की, सरकारचे उत्पन्न बहुतांशी रयतेच्या घामातून येते, पण शिक्षणावरील खर्च वरच्या वर्गांच्या मुलांवर होतो, रयतेच्या मुलांच्या पदरी फारसे काही पडत नाही. कर कोणाकडून आला आणि कोणाच्या लेकरावर खर्च झाला, हा हिशेब मागणारे ते निवेदन होते. परकी सरकारला हा हिशेब विचारण्यात जर देशभक्ती होती, तर स्वकीय सरकारला तो न विचारण्यात कोणती देशभक्ती आहे?

नाण्याची दुसरी बाजूही पाहू. सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे दर बदलले. साबण, दंतमंजनाची पेस्ट, डोक्याचे तेल, बिस्किटे यांवरील कर शेकडा १८ वरून ५ वर आला. शाळेच्या वह्या व पेन्सिली यांवर शेकडा १२ होता, तो पूर्ण उठला. ही गोष्ट चांगली झाली, आणि चांगल्यास चांगले म्हणणे हे आमचे कर्तव्यच आहे. त्याच वर्षी प्राप्तिकराच्या नव्या पद्धतीत १२ लक्ष रुपयांपर्यंतच्या वार्षिक उत्पन्नावर कर द्यावा लागू नये अशी सवलत मिळाली. मध्यम वर्गास तिने हायसे वाटले असेल. परंतु या दोन सवलतींची तुलना करा. दुसरी सवलत ज्याची मिळकत करपात्र होती त्याच्या खिशात सरळ गेली. रोजंदारीवाल्यास तिच्यातून छदामही मिळाला नाही. पहिली सवलत गरिबापर्यंत पोहोचण्याच्या वाटेवर कारखानदार, घाऊक व्यापारी आणि किरकोळ दुकानदार असे तीन नाके आहेत. नाक्यावर कोणी ती अडवून ठेवली तर गिऱ्हाइकास काय कळणार? शिरोळ, जयसिंगपूर व कुरुंदवाड येथील व्यापारी बंधूंस आम्ही स्पष्टच सांगतो की, वहीवरचा उठलेला कर वहीच्या किमतीत दिसला पाहिजे. न दिसला तर तो सरकारने सोडलेला कर नव्हे, गरिबाच्या पोराकडून कोणी खाजगीत वसूल केलेला कर होय.

आता कराच्या बाजूकडून साह्याच्या बाजूकडे वळू. २०१३ चा राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा हा स्वराज्यातील एक थोर कायदा आहे असे आम्ही मानतो. त्यात प्राधान्य कुटुंबास माणशी दरमहा ५ किलो धान्याचा हक्क आहे, आणि माणसांत पोरही मोजले जाते. केंद्र सरकारने १ जानेवारी २०२४ पासून पाच वर्षांसाठी हे धान्य मोफत केले आहे. परंतु कायद्याच्या तपशिलात शिरावे तो खाचखळगे दिसू लागतात. अंत्योदय शिधापत्रिका सर्वांत गरिबास मिळते; तीवर कुटुंबामागे ३५ किलो धान्य आहे, मग घरात माणसे कितीही असोत. आठ माणसांचे अंत्योदय कुटुंब घ्या. त्यास ३५ किलो मिळतात. तेवढ्याच माणसांच्या, पण त्याहून थोड्या बऱ्या स्थितीतील प्राधान्य कुटुंबास ४० किलो. म्हणजे सात माणसांपुढे पोर जन्मले की सर्वांत गरीब घरात त्याचा घास इतरांच्या ताटातून काढावा लागतो. ज्या कायद्याने भुकेचा विचार केला, त्याने ही साधी बेरीज करावयास नको होती काय?

दुसरा खळगा मर्यादेचा. हा कायदा आपल्या राज्यात लागू करताना प्राधान्य कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात वर्षास ४४ हजार आणि शहरी भागात ५९ हजार रुपये धरली गेली. ४४ हजार म्हणजे साऱ्या कुटुंबास दिवसाला सुमारे १२० रुपये. पाच माणसांचे घर असेल तर माणशी २४ रुपये. खरे बोलून ज्याला ही मर्यादा पाळता येईल असा कष्टकरी आज कोठे सापडावा? अशा मर्यादेमुळे गरीब माणूस एक तर धान्याला मुकतो, नाही तर खोटा दाखला मिळविण्यास शिकतो. तिसरा खळगा जनगणनेचा. राज्यातील किती लोकांस हे धान्य मिळावे, तो सुमारे सात कोटींचा आकडा २०११ च्या जनगणनेवरून ठरला. २०२१ ची जनगणना झालीच नाही, आणि पुढची २०२७ ची ठरली आहे. २०११ नंतर जन्मलेली मुले शाळेत गेली, त्यांतली काही कोयता धरण्याच्या वयाची झाली, पण सरकारच्या त्या आकड्यात त्यांना अजून जन्मावयाचेच आहे!

मातांसाठीच्या रकमेचीही गोष्ट अशीच. त्याच कायद्याच्या कलम ४ मध्ये गरोदर व स्तनदा मातेस ६ हजार रुपयांपेक्षा कमी नाही इतके साह्य देण्याचे वचन आहे. २०१७ साली योजना आली, तीत पहिल्या अपत्यासाठी ५ हजार रुपये ठेवले गेले. दुसरी मुलगी झाल्यास ६ हजार देण्याचे पुढे ठरले. संसद कायद्यात एक आकडा लिहिते आणि खाते योजनेत दुसरा लिहिते, हे आमच्यासारख्या कायद्याच्या विद्यार्थ्यास तरी समजत नाही. शिवाय २०१३ साली लिहिलेल्या आकड्याने आज किती डाळ आणि किती गूळ येतो, हे कोणत्याही किराणा दुकानदारास विचारावे.

राज्य सरकारने २०२४ च्या जुलैपासून लाडकी बहीण योजनेत २१ ते ६५ वर्षे वयाच्या स्त्रियांस दरमहा १,५०० रुपये देण्यास प्रारंभ केला. कित्येक सुशिक्षितांनी या योजनेस नाके मुरडली. आमचे मत तसे नाही. पैसा आईच्या हाती गेला म्हणजे त्याचा बराच भाग चुलीकडे व पोराकडे जातो, हा घरोघरचा अनुभव आहे. १९४५ साली विलायतेत मुलांसाठी कुटुंबभत्त्याचा कायदा झाला, तेव्हा एलिनॉर रॅथबोन या बाईंनी झगडून तो भत्ता बापाच्या नव्हे तर आईच्या हाती देवविला, तो याच विचाराने. आमचा आक्षेप निराळाच आहे. जिला मूल नाही तिला १,५०० आणि जिच्या पदरात चार लेकरे आहेत तिलाही १,५०० च. कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर वर्षाला १८ हजार रुपये, आणि एक रुपया वर गेला की काहीच नाही. ही पायरी नव्हे, हा कडा झाला. कड्यावरून ढकलले जाण्याच्या भीतीने माणूस चार दिवसांची जादा मजुरी लपवील किंवा सोडील, तर दोष त्याचा की ज्याने कडा बांधला त्याचा?

लेक लाडकी योजनेचा हेतूही स्तुत्य आहे. १ एप्रिल २०२३ रोजी व त्यानंतर पिवळ्या वा केशरी शिधापत्रिकेच्या घरात जन्मलेल्या मुलीस जन्मतः ५ हजार, पहिलीत ६ हजार, सहावीत ७ हजार, अकरावीत ८ हजार आणि अठरा वर्षे पुरी झाल्यावर ७५ हजार, असे एकूण १ लाख १ हजार रुपये मिळावयाचे आहेत. मुलीचे शिक्षण लांबावे व लग्न लवकर होऊ नये यासाठी शेवटची रक्कम मोठी ठेवली, हे आम्ही जाणतो. पण यांतील जवळजवळ तीन चतुर्थांश रक्कम बालपण संपल्यावर हाती येते. मुलीची हाडे भरतात, मेंदू वाढतो, तो पहिल्या पाच वर्षांत. त्या काळात तिच्या वाट्यास ५ हजार, आणि अठरा वर्षांनंतर ७५ हजार! रोप वाळत असता पाणी साठवून ठेवावे आणि पीक निघण्याच्या वेळी पाट सोडावा, असा शेतकरी आमच्या तालुक्यात तरी कोणी नाही.

कोणी म्हणेल, "हे सारे ठीक, पण पैसा कोठून आणावा? आणि फुकट मिळाले म्हणजे लोक आळशी होतील." पहिल्या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रानेच एकदा दिले आहे. वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली, आणि १९६५ साली तिचा प्रयोग झाला तो येथून दूर नसलेल्या तासगाव तालुक्यात. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर गेली, आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. त्यासाठी पैसा कसा उभारला? १९७५ साली व्यवसाय कर बसविला. वकील, डॉक्टर, नोकरदार, व्यापारी यांनी तो द्यावा, बागाईत जमिनीनेही आपला हिस्सा द्यावा, तितकीच भर सरकारने घालावी, आणि त्यातून खेड्यातल्या भुकेल्या माणसाला काम मिळावे, असा तो करार होता. पुढे २००५ साली केंद्राने हेच तत्त्व कायदा करून देशभर नेले. शहराने कर द्यावा व खेड्याच्या चुली पेटाव्यात, हे आम्ही स्वप्नातले बोलत नाही. या महाराष्ट्राने ते करून दाखविले आहे. पण या कराची आजची स्थिती पहा. राज्यघटनेच्या कलम २७६ प्रमाणे माणशी वर्षास २,५०० रुपयांहून अधिक व्यवसाय कर घेता येत नाही. ही मर्यादा १९८८ साली घातली गेली आणि ती जागची हललेली नाही. महिना पंचवीस हजार मिळविणारा कारकून आणि महिना पंचवीस लाख मिळविणारा मालक, दोघांनीही सारखेच अडीच हजार द्यावयाचे! पैसा नाही असे म्हणण्यापूर्वी सरकारने या मर्यादेकडे एकदा पाहावे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. दोन वर्षांचे पोर आळशी कसे होणार? त्याला कोणत्या कामावर पाठवावयाचे आहे? बापाच्या आळसाची शिक्षा पोटच्या पोरास देणारा कायदा कोणत्याही स्मृतीत नाही. बाकी अनुभवाचेच प्रमाण हवे असेल तर अमेरिकेकडे पाहावे. तेथे २०२१ साली मुलांमागे मिळणारी कराची सवलत वाढविली आणि ज्यांना कर नव्हता अशा गरीब घरांनाही ती रोख दिली. त्या वर्षी सरकारी साह्य धरून मोजलेले बालदारिद्र्य शेकडा ५.२ वर उतरले. पुढल्या वर्षी वाढीव सवलत संपली आणि तेच प्रमाण शेकडा १२.४ झाले. एका वर्षात मुलांचे नशीब बदलले काय? तसे नव्हे, कायदा बदलला. बालकांचे दारिद्र्य हा दैवाचा लेख नसून अंदाजपत्रकाचा लेख आहे, हे याहून स्पष्ट कसे दिसावे?

मात्र निवडणुकीच्या तोंडावर जाहीर होणाऱ्या प्रत्येक खिरापतीचे आम्ही समर्थन करतो, असा अर्थ कोणी काढू नये. शासन निर्णयाने मिळालेली रक्कम दुसऱ्या शासन निर्णयाने जाऊ शकते. ती कृपा होय, हक्क नव्हे. आम्हांस हवा तो कायदा, ज्यात मुलामागे रक्कम ठरलेली असेल, ती भावमानाप्रमाणे दरसाल आपोआप वाढेल, पहिल्या पाच वर्षांत अधिक असेल, आणि उत्पन्न वाढले तर एकदम न तुटता पायरीपायरीने उतरेल.

आता पुन्हा आमच्या फडाकडे येऊ. ऊसतोडणी कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याण महामंडळ स्थापन झाले आहे, आणि त्यासाठी कारखान्यांनी टनामागे १० रुपये द्यावे व तितकीच भर सरकारने घालावी असे ठरले. ३,५५० रुपयांच्या उसात दहा रुपये म्हणजे शेकडा पाव रुपयाहून किंचित अधिक. मागे राहणाऱ्या मुलांसाठी ४१ तालुक्यांत मुलांचे एक व मुलींचे एक, अशी ८२ वसतिगृहे काढण्याची योजनाही आहे. ती जरूर पुरी व्हावी. पण ज्याला अजून आईचे दूध हवे ते मूल वसतिगृहात राहत नाही. ते शिरोळच्या फडातच येते, आणि हंगामाचे पाच महिने ते आमचे असते. अन्नसुरक्षा कायद्याचे कलम ५ म्हणते की, सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या प्रत्येक बालकास स्थानिक अंगणवाडीतून मोफत आहार मिळाला पाहिजे. ते मूल कोणत्या जिल्ह्यातले, हे कायदा विचारीत नाही. सहा वर्षांवरील मुलास जवळच्या शाळेत दाखल होण्याचा हक्क २००९ च्या शिक्षणाच्या कायद्याने दिला आहे, आणि शाळेत गेले की दुपारचे जेवण आलेच. शिधापत्रिका कोठलीही असली तरी धान्य येथल्या दुकानात घेता येते. इतके हक्क कागदावर असता पोर उपाशी राहील, तर दोष दिल्लीचा किंवा मुंबईचा नसून आपला आहे.

म्हणून आम्ही काही स्थानिक गोष्टी सुचवितो. कारखान्यांनी टोळ्या उतरताच मुलांची वयानुसार यादी करून ती पंचायत समितीस द्यावी, म्हणजे अंगणवाडी व शाळा यांस हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात किती ताटे वाढावयाची हे कळेल. रास्त भाव दुकानदारांनी परजिल्ह्यातील शिधापत्रिका पाहून "तुमच्या गावी जा" असे म्हणू नये. ग्रामपंचायतींनी आपल्या स्वउत्पन्नाचा १० टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करावा असा नियम आहे. तो पैसा कशावर गेला हे ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावे, आणि त्यातून फडावरच्या पोरांसाठी पाळणाघर निघते का ते पाहावे. २०१९ व २०२१ च्या महापुरात कृष्णा-पंचगंगेने आमच्या गावांना वेढले, तेव्हा परमुलखातून आलेल्या भाकरीवर आम्ही दिवस काढले. त्या भाकरी देणाऱ्यांनी आमची शिधापत्रिका पाहिली नव्हती. ते ऋण फेडावयाची ही संधी आहे.

शाहू छत्रपतींनी १९१७ साली करवीर संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला, आणि जो बाप मुलास शाळेत धाडणार नाही त्यास दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्याच साली त्यांनी आपल्या जनक पित्याच्या नावाने जयसिंगपूर वसविले. मूल हे केवळ आईबापांचे नसून राज्याचेही आहे, म्हणून त्याची हेळसांड करणाऱ्यास दंड झाला पाहिजे, हे त्या कायद्यामागील तत्त्व होते. त्याच राजाने वसविलेल्या बाजारपेठेच्या वेशीबाहेर, त्याच्याच मुलखातील उसाच्या फडात, आज मुलाची हेळसांड होत असेल तर एक रुपया दंड कोणी भरावा? बापाने भरावा असे म्हणण्याचे धैर्य आम्हांस होत नाही. तो आमच्या सर्वांच्या नावे पडला पाहिजे. आणि दंड भरण्यापेक्षा कर्तव्य करणे स्वस्त पडते, हे व्यापारी वाचकांस आम्ही सांगावयास नको.